इंजिनाची रेस आपोआप वर-खाली का होते?

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी घरात कधी ना कधी एखादा जुना पिकअप ट्रक येतो. कुणी बागेसाठी माती-लाकूड आणायला घेतं, कुणी नुकतं लायसन्स मिळालेल्या मुलासाठी. १९८८ ते १९९५ दरम्यानचे, ५.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनाचे शेव्हरोले सी/के ट्रक अशा कामाला अजूनही दिसतात. समजा, तुमच्याकडे असाच एक आहे. सिग्नलला उभे आहात, पाय ब्रेकवर आहे, आणि तरी रेस वाढते, पडते, पुन्हा वाढते. काटा ६०० आणि १२०० आरपीएमच्या मध्ये झोके घेतो, आणि एखादा झोका इतका खाली जातो की इंजिन बंदच पडतं.

याकडे दुर्लक्ष करू नका. समोरून वाहनं येत असताना डावीकडे वळता वळता इंजिन बंद पडलं, तर पॉवर स्टिअरिंगची मदत लगेच जाते. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. त्यात साठलेला व्हॅक्यूम एक-दोन वेळा दाबण्यापुरताच पुरतो, मग पेडल दगडासारखं होतं. नवशिक्या मुलाच्या हाती अशी गाडी देणं धोक्याचं आहे.

मग दुरुस्ती कुठून सुरू करायची? बहुतेक जण एकेक पार्ट बदलून बघतात. यात पैसे जातात आणि झोके बरेचदा तसेच राहतात. कारण हे झोके एखाद्या तुटलेल्या पार्टचे असण्यापेक्षा, चुकीच्या माहितीवर प्रामाणिकपणे काम करणाऱ्या यंत्रणेचे असण्याची शक्यता जास्त असते.

एक साधं उदाहरण घ्या. नव्या घरात तुम्ही शॉवर सुरू केला. पाणी गार आहे म्हणून गरम नळ फिरवला. लगेच फरक पडला नाही, म्हणून आणखी फिरवला. दहा सेकंदांनी चटका बसला, म्हणून नळ झटकन मागे घेतला. थोड्या वेळाने पुन्हा गारठलात. यात नळ चांगला आहे, गीझर चांगला आहे आणि तुमचा हातही. झोके येतात ते दोन कारणांनी: परिणाम उशिरा कळतो, आणि तोवर तुम्ही प्रमाणाबाहेर दुरुस्ती केलेली असते.

इंजिनिअर मंडळी याला ‘हंटिंग’ म्हणतात. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप थोडी मिटे. पुढच्या काळात काही गव्हर्नर वेग स्थिर ठेवण्याऐवजी झोके घेऊ लागले. ते केव्हा शांत राहतील आणि केव्हा नाही, याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये ‘ऑन गव्हर्नर्स’ या निबंधात मांडलं. तुमच्या ट्रकमध्ये गोळ्यांच्या जागी संगणक आहे, एवढाच फरक.

तो काय करतो ते पाहू. आयडलला थ्रॉटलची पाकळी बंद असते. तिला वळसा घालून जाणाऱ्या बारीक वाटेतून हवा आत येते आणि त्या वाटेत एक छोटी मोटर टोकदार दट्ट्या मागेपुढे करते. हा आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह. रेस पडली की संगणक दट्ट्या मागे घेऊन हवा वाढवतो, रेस चढली की पुढे ढकलतो. किती पेट्रोल द्यायचं हे तो मॅनिफोल्डमधला दाब, शीतकाचं तापमान, थ्रॉटलची स्थिती आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन पाहून ठरवतो. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, हे त्याचं लक्ष्य.

आता मॅनिफोल्डच्या गॅस्केटला फट पडली असं धरा. आपल्याकडचे मेकॅनिक म्हणतात तसं, इंजिन ‘एअर घेतंय’. या इंजिनात पेट्रोल वरून, थ्रॉटलपाशी फवारलं जातं. फटीतली हवा मात्र जवळच्या सिलिंडरलाच जास्त मिळते. त्याचं मिश्रण पातळ होतं, ठिणगी पडूनही ते कधी पेटतं, कधी नाही. रेस पडते, संगणक हवा वाढवतो, रेस उसळते, संगणक हवा कमी करतो. शिवाय न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमधल्या सेन्सरला दिसतो. सेन्सर सांगतो, ‘पेट्रोल कमी पडतंय’. त्यावरून संगणक सगळ्याच सिलिंडरचं पेट्रोल वाढवतो. एका जागची फट आणि शिक्षा सगळ्यांना!

म्हणून तपास या क्रमाने करा.

पहिलं, निरीक्षण. झोके थंड इंजिनात येतात की गरम झाल्यावर? ऑक्सिजन सेन्सरचं म्हणणं संगणक गरम इंजिनातच ऐकतो. फक्त थंड असताना त्रास असेल तर तापमानाचा सेन्सर किंवा तापल्यावर मिटणारी फट, यांच्यावर संशय घ्या.

दुसरं, संगणकालाच विचारा. डॅशबोर्डखालच्या बारा खाचांच्या कनेक्टरमधल्या ए आणि बी या खाचा तारेच्या तुकड्याने जोडा. इंजिन सुरू न करता किल्ली ऑन करा. इंजिनाचा दिवा एकदा, मग दोनदा लुकलुकेल. हा कोड १२, तीन वेळा दिसतो आणि सांगतो की संगणक जागा आहे. मग साठवलेले कोड येतात. ४४ आला तर मिश्रण पातळ असल्याचं सेन्सर सांगतोय. लगेच नवा सेन्सर आणू नका. सेन्सर खरं बोलत असेल, तर दोष फटीचा किंवा पेट्रोलच्या दाबाचा आहे. या इंजिनात तो दाब साधारण ९ ते १३ पीएसआय हवा.

तिसरं, व्हॅक्यूम गेज लावा. समुद्रसपाटीला गरम, निरोगी इंजिन आयडलला साधारण १७ ते २१ इंच दाखवतं. दर हजार फुटांना जवळपास एक इंच वजा करा, त्यामुळे डेन्व्हरला पाच इंच कमी दिसले तर घाबरू नका. रबरी नळ्या एकेक करून चिमटा. एखादी चिमटल्यावर झोके थांबले, तर चोर त्याच वाटेवर आहे. ब्रेक बूस्टरची जाड नळी विसरू नका. गॅस्केटच्या कडेला स्प्रे बाटलीने थोडं पाणी मारा, पण इग्निशनच्या तारांपासून लांब. फट क्षणभर बुजली की आवाज बदलतो. काही जण यासाठी कार्ब क्लीनर फवारतात. गरम एक्झॉस्टवर तो पेट घेऊ शकतो, टाळलेलं बरं.

चौथं, जुन्या गाड्यांचा स्कॅनर मिळाला तर आयडल व्हॉल्व्हचा आकडा बघा. आकडा शून्याजवळ असेल, तर संगणकाने आपली वाट पूर्ण मिटली आहे आणि तरी हवा येतेच आहे, म्हणजे फट आहे. आकडा फार मोठा असेल, तर वाटेत कार्बन बसला आहे. व्हॉल्व्ह काढून वाट साफ करा. नवा बसवताना दट्ट्याचं टोक बैठकीपासून २८ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर नको, नाहीतर तो मोडतो.

पाचवं, सेन्सर मोजा. शीतकाच्या सेन्सरचा रोध २० अंश सेल्सिअसला साधारण साडेतीन हजार ओहम आणि १०० अंशाला १८० च्या आसपास असतो. थ्रॉटल सेन्सरचं व्होल्टेज पाकळी बंद असताना स्थिर हवं. ते थरथरलं की संगणकाला वाटतं, तुम्ही पाय दिलात.

हे सारं करताना गाडी उघड्यावर ठेवा, बंद गॅरेजात कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. हँडब्रेक ओढा, चाकांना अडण लावा, बाह्या आणि ओढणी पंख्यापासून दूर ठेवा.

एक मोह मात्र टाळा. स्कूटरच्या कार्ब्युरेटरचा स्लो स्पीडचा स्क्रू फिरवून रेस जमवायची सवय आपल्यापैकी अनेकांच्या हाताला आहे. या ट्रकमध्येही थ्रॉटलला तसा स्क्रू आहे, पण कारखान्यात तो टोपण ठोकून बंद केलेला असतो. तो फिरवला तर रेस चढेल आणि गाडी बंद पडणं काही दिवस थांबेलही. पण फट तशीच राहील, आणि संगणकाला आणखी एक खोटी माहिती मिळेल. आधी चुकीची बातमी कुठून येतेय ते शोधा. नवा पार्ट लागलाच, तर तो त्यानंतर.