पाण्यातली कानटोपी
तारकर्लीत लागत नाही, पण पुढं जायचं ठरवलं तर तिच्याशिवाय चालत नाही. गार पाण्यातल्या स्कूबासाठी हूड निवडायचा कसा?

डिसेंबरात आंब्याच्या बाजूला पहाटे बाहेर पडायचं म्हटलं, की घरातून पहिली हाक काय येते? ‘कान बांध आधी!’ स्वेटर नसला तरी चालेल, पण कानटोपी हवी. शाहूवाडी तालुक्यात वाढलेल्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. गंमत म्हणजे समुद्राखाली जाणारे डायव्हरही हेच करतात. फक्त त्यांची कानटोपी लोकरीची नसते, निओप्रीन नावाच्या रबराची असते. तिला म्हणतात हूड.

आता तुम्ही म्हणाल, आमचा आणि त्याचा काय संबंध? संबंध आहे. करूळ घाट उतरून मालवण-तारकर्लीला जाऊन स्कूबा केलेले दोन-चार जण आता प्रत्येक कॉलेजच्या ग्रुपमध्ये सापडतात. तारकर्लीत एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्थाच आहे. तिथं नुसती प्रशिक्षकाचा हात धरून फेरी मारता येते, तसा रीतसर कोर्सही करता येतो. ‘ओपन वॉटर’चं कार्ड हातात आलं, की जोडीदारासोबत 18 मीटरपर्यंत जायची मुभा मिळते. पुढं शिक्षणाला किंवा नोकरीला इंग्लंड, जर्मनी, नॉर्वेला गेलात, तर तेच कार्ड तिथंही चालतं. पण पाणी मात्र तेच नसतं.

गार म्हणजे किती गार?

डायव्हिंगच्या हंगामात मालवणचं पाणी साधारण 26 ते 29 अंशांच्या आसपास असतं. तिथं हूडची गरज पडत नाही. इंग्लंडमध्ये पाण्यानं भरलेल्या जुन्या दगडखाणींत डायव्हिंग शिकवतात. हिवाळ्यात तिथलं पाणी एक आकडी अंशांवर येतं. आइसलँडमध्ये सिल्फ्रा नावाची भेग आहे, जगभरातले डायव्हर तिथं जातात. तिथलं पाणी बाराही महिने 2 ते 4 अंश. आपल्या फ्रिजमधल्या पाण्यापेक्षाही गार!

आणि वरचं पाणी कोमट आहे म्हणून खालचंही तसंच असेल, असं समजू नका. विहिरीत सूर मारला, की अंगाला ऊन लागलेलं पाणी आणि तळाशी एकदम गारेगार, हे तुम्ही अनुभवलेलं आहेच. ऊन पडून तापलेलं पाणी हलकं, ते वर राहतं. गार पाणी जड, ते खाली बसतं. दोन्हींच्या मधल्या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. कडवी किंवा कासारीसारख्या धरणातही उन्हाळ्यात हाच प्रकार असतो. (हे समजून घेण्यापुरतंच हं. परवानगी आणि प्रशिक्षित माणूस नसताना धरणात उतरायचं नाही.) म्हणून डायव्हर विचारतो तो पाण्याच्या तळाचा अंश, वरचा नव्हे.

डोक्यालाच एवढं महत्त्व का?

‘अंगातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते’ असं तुम्ही ऐकलं असेल. ते खरं नाही. डोकं हा शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे दहावा भाग आहे आणि उघडं राहिलं तर साधारण त्याच हिशेबानं उष्णता जाते. मग अडचण कुठं येते? गारव्यात हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथली उष्णता वाचते. डोक्याच्या तितक्या आकसत नाहीत. त्यात पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं उष्णता ओढून नेतं. बाकी अंग सुटात झाकलेलं आणि डोकं तेवढं उघडं राहिलं, म्हणजे घराची दारंखिडक्या लावून कौल काढून ठेवल्यासारखं झालं.

कपाळ ठणकतं, दात वाजायला लागतात, बोटं ऐकत नाहीत. इथपर्यंत नुसता त्रास असतो. पण थंडी वाढली की डोकंही हळू चालायला लागतं. नळकांड्यात हवा किती उरली ते बघायचं राहून जातं, जोडीदाराची खूण कळत नाही. जमिनीवर हुडहुडी भरली तर शेकोटीजवळ जाता येतं. 18 मीटर खाली शेकोटी नाही आणि घाईनं वर यायचीही सोय नाही.

जाडी किती घ्यायची?

निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. ऊब तेच धरतात. शिवाय हूड आणि कातडी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, तो अंगाच्या उष्णतेनं कोमट होतो. खाली जाल तसा दाब वाढतो. 10 मीटरवर तो वरच्या दुप्पट होतो, बुडबुडे दबतात आणि हूड पातळ पडतो. दुकानात उबदार वाटलेला हूड खाली गेल्यावर तेवढा उबदार राहत नाही, तो यामुळं.

ढोबळ ठोकताळा असा धरा:

* 27 अंशांच्या वर: हूड नको.
* 22 ते 26 अंश: 2 ते 3 मिलिमीटर. दिवसात दोन-तीन डाइव्ह असतील तर नक्कीच.
* 15 ते 21 अंश: 5 मिलिमीटर.
* 10 ते 14 अंश: 5 ते 7 मिलिमीटर.
* 10 च्या खाली: 7 मिलिमीटर. सोबत बहुतेक वेळा ड्रायसूट आणि जाड हातमोजे.

अंगकाठी बारीक असेल, थंडी लवकर वाजत असेल, तर एक पायरी जाड घ्या. ‘मला काय होतंय!’ हा बाणा पाण्यात चालत नाही.

मापात चूक नको

सैल हूड म्हणजे भोक पडलेलं इरलं. घातलंय म्हणायचं, पण आतून भिजायचंच. गार पाणी सारखं आत-बाहेर होत राहतं आणि जाडीचा उपयोग शून्य. फार घट्ट हूड तर त्याहून वाईट. मानेच्या दोन्ही बाजूंना धमन्यांपाशी रक्तदाबाची खबर मेंदूला देणारी जागा असते. तिच्यावर सतत दाब पडला, तर रक्तदाब वाढलाय असं समजून शरीर हृदयाचे ठोके कमी करतं. घेरी येते, शुद्धही हरपू शकते. पाण्याखाली हे जिवावर बेतेल. म्हणून मोठा भाऊ किंवा रूममेट ‘माझा घे की’ म्हणाला, तरी मापाचा नसेल तर घेऊ नका.

दुकानात हूड घालून किमान दहा मिनिटं बसा. मान डावीकडे-उजवीकडे फिरवा, वर बघा, आवंढा गिळा, तोंड पूर्ण उघडा. तोंडातला रेग्युलेटर डाइव्हभर दातांत धरायचा असतो, हनुवटीखाली ओढ बसत असेल तर जबडा दुखणारच. गळ्याशी बोट सहज जायला हवं. गरगरलं तर लगेच काढा. हूड पाण्यात सैल पडेल, या भरवशावर गळा आवळणारा घेऊ नका.

मानेचा भागही बघा. काही हूडना खाली लांब झालर असते, ती सुटाच्या आत खोचायची. गार पाणी पाठीवरून उतरत नाही. सुटाची चेन मागं असेल तर ही झालर फार कामाला येते. दुसरा पर्याय म्हणजे हूड जोडलेली बंडी. मानेपाशी जोडच नाही आणि छातीलाही ऊब. ड्रायसूट असेल तर आखूड मानेचा हूड लागतो. म्हणजे आधी सूट ठरवा, मग हूड.

मास्क आणि कान

मास्कची रबरी कड थेट कातडीवर बसली पाहिजे. तिच्याखाली हूडची कड किंवा केसांची एक बट जरी आली, तरी मास्कमध्ये पाणी झिरपत राहतं. म्हणून हूड घ्यायला जाताना स्वतःचा मास्क सोबत न्या. लांब केस असतील तर मानेपाशी सैल बांधा. डोक्यावर अंबाडा घातला तर हूड बसत नाही.

कानाचं प्रकरण जरा नाजूक आहे. खाली जाताना नाक दाबून कानातला दाब सारखा करायला शिकवतात. पण हूड कानावर घट्ट चिकटला, तर बाहेरच्या बाजूला कानाच्या नळीत हवा कोंडते आणि नाक दाबूनही कान दुखतो. उपाय सोपा. खाली जाण्याआधी पाण्यातच हूडची कड कानापाशी जरा उचला आणि दोन्ही कानांत पाणी जाऊ द्या. एकाच कानात एकदम गार पाणी गेलं, तर काही क्षण सगळं फिरल्यासारखं होतं. घाबरू नका, काहीतरी धरून थांबा. दोन्हीकडचं तापमान सारखं झालं की ते जातं. कानात बोळे मात्र कधीही घालायचे नाहीत. आणि सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्हच नको.

डोक्याच्या वरच्या भागात बारीक भोकं असलेला हूड मिळाला तर उत्तम. मास्कमधून सुटलेली हवा तिथून निघून जाते, नाहीतर टोपीचा फुगा होतो.

घालायचा कसा, जपायचा कसा?

* कड बाहेरच्या बाजूला दुमडा, आधी हनुवटी आत घाला, मग मागं ओढा. नखांनी ओढू नका, निओप्रीन फाटतं. बोटांच्या पेरांनी धरा.
* हूड तरंगतो. नवीन हूड घातला की वजनाचा पट्टा पुन्हा तपासून घ्या.
* हूडमध्ये ऐकू कमी येतं. उतरण्याआधी जोडीदारासोबत हाताच्या खुणा एकदा उजळून घ्या.
* डाइव्ह झाल्यावर गोड्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. उन्हात टाकू नका, घडी घालून वजनाखाली ठेवू नका.

पहिल्याच वेळी विकत घ्यायची घाई करू नका. गार पाण्याच्या बहुतेक डायव्हिंग सेंटरवर हूड भाड्यानं मिळतो. दोन-तीन वेगवेगळे घालून पाण्यात उतरा. डाइव्ह संपेपर्यंत ज्याची आठवणही झाली नाही, तो तुमच्या मापाचा.