चिमूटभर हिंग

एखाद्या माणसाची कोणी मुळीच दखल घेत नसेल, तर आपण म्हणतो, 'त्याला कोणी हिंग लावूनसुद्धा विचारीत नाही.' हा वाक्प्रचार तुम्ही पुष्कळदा ऐकला असेल. परीक्षेत त्याचा वाक्यात उपयोगही केला असेल. परंतु खुद्द हिंगाला तरी आपण कधी विचारले आहे काय? फळीवरची ती इवलीशी डबी कोठून आली, तिच्यात काय आहे, ती आपल्या घरापर्यंत पोहोचावी म्हणून कोण कोण राबले, हे प्रश्न सहसा आपल्या मनात उठत नाहीत. माझ्याही मनात ते कित्येक वर्षे उठले नव्हते. ते उठले एका वनभोजनाच्या दिवशी.

मी तेव्हा शिक्षक होतो आणि सहावीचा वर्ग माझ्याकडे होता. थंडीचे दिवस होते. गावापासून तासाभराच्या चालीवर नदीकाठी एक आमराई होती. तेथे स्वतःच्या हातांनी स्वयंपाक करून जेवायचे, असा मुलांचा बेत ठरला. प्रत्येकाने काही ना काही आणायचे होते. कोणी तांदूळ आणले, कोणी तुरीची डाळ, कोणी चिंच, कोणी गूळ. मीठ, तेल, हळद, तिखट, मोहरी, सारे काही आले. तीन दगडांची चूल मांडली, वाळक्या काटक्या गोळा केल्या, आणि दुपारपर्यंत भात शिजून आमटीला उकळीही आली. आमटीची चव पाहावी म्हणून मी थोडी हातावर घेतली. मीठ होते, आंबटगोडही बेताचे होते. तरी काहीतरी उणे वाटत होते. "अरे, हिंग घातला का?" मी विचारले. मुले एकमेकांकडे पाहू लागली. हिंग आणण्याचे काम ज्याच्याकडे होते तो मुलगा खाली मान घालून उभा राहिला. "एवढासा तर आणायचा होता, म्हणून विसरलो, गुरुजी," असे म्हणताना त्याचे डोळे भरून आले.

जवळच मेंढरांचा वाडा होता. तेथे बसलेली एक वृद्ध बाई आमची ही धांदल मघापासून पाहत होती. ती उठली आणि पदराच्या गाठीतून एक चिंधी सोडीत आमच्याजवळ आली. चिंधीत हरभऱ्याएवढा हिंगाचा खडा होता. "नातवाचं पोट फुगतं, म्हणून जपून ठिवलाय," ती म्हणाली, "त्यातला निम्मा घ्या की." आम्ही पळीत तेल तापवले, मोहरी तडतडू दिली, हिंगाची पूड करून तीत टाकली आणि ती फोडणी आमटीवर ओतली. चर्र असा आवाज झाला आणि त्या वासाने साऱ्या मुलांची भूक एकदम खवळली.

पाने मांडली. मुलांनी आजींना जेवायला बोलावले. "तुमी जेवा, म्या हितंच बरी हाय," असे म्हणून ती झाडाखाली दूर बसली. तेव्हा हिंग विसरलेला तो मुलगा उठला, आपले पान सरकवून त्याने आपल्या शेजारी जागा केली आणि तिचा हात धरून तिला पंगतीत आणून बसवले. त्या दिवशीच्या आमटीसारखी आमटी मी पुन्हा खाल्ली नाही. जेवताना एका मुलाने विचारले, "गुरुजी, हिंग कोणत्या झाडाला लागतो?" मला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर मी शोध घेऊ लागलो. त्या शोधात जे हाती लागले, ते आता तुम्हांला सांगतो.

हिंग हे फळ नव्हे, बी नव्हे, की पानही नव्हे. हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळातून पाझरणारा आणि वाळून घट्ट झालेला चीक होय. हे झाड इराण, अफगाणिस्तान आणि मध्य आशियातील उझबेकिस्तानसारख्या देशांत, रुक्ष व थंड डोंगराळ मुलखात उगवते. कोथिंबीर, जिरे, बडीशेप, ओवा आणि गाजर ही तुमच्या परिचयाची मंडळी त्याच्याच कुळातील आहेत. कोथिंबिरीला फुले आली म्हणजे ती उघडलेल्या छत्रीसारखी दिसतात. हिंगाच्या झाडाचे पिवळे तुरेही तसेच असतात. पुरे वाढलेले झाड माणसाहून उंच होते आणि त्याचे मूळ गाजरासारखे जाड व मांसल असते. त्या मुळातच सारा ठेवा साठलेला असतो.

तो ठेवा हाती येण्यास धीर लागतो. झाड साधारणपणे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत वाट पाहावी लागते. ते फुलावर येण्याच्या बेतात असले, की वसंत ऋतूत डोंगरावर जाऊन मुळाभोवतीची माती दूर करतात आणि वरचा दांडा कापून टाकतात. कापलेल्या जागी दुधासारखा पांढरा चीक जमू लागतो. उन्हाने आणि धुळीने तो बिघडू नये, म्हणून त्यावर काटक्या व मातीचे झाकण करतात. काही दिवसांनी पुन्हा तेथे जायचे, घट्ट झालेला चीक खरवडून घ्यायचा, मुळाची आणखी एक पातळ चकती कापायची आणि पुन्हा झाकून ठेवायचे. चीक येणे थांबेपर्यंत हा क्रम कित्येक आठवडे चालतो. हे झाड आयुष्यात एकदाच फुलते आणि मग मरते. म्हणून एका झाडाचा हिंग हे त्याच्या साऱ्या जन्माचे संचित असते. एंगेलबर्ट केम्फर या जर्मन वैद्याने इराणात ही रीत स्वतः पाहिली होती. 1712 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने तिचे सविस्तर वर्णन केले आहे.

हा ताजा हिंग इतका उग्र असतो, की तो तसाच वापरणे कठीण जाते. म्हणून आपल्या देशात आल्यावर त्यात डिंक आणि पीठ मिसळून त्याची तीव्रता कमी करतात. उत्तर प्रदेशातील हाथरस हे शहर या उद्योगाकरिता प्रसिद्ध आहे. आपल्या घरातल्या डबीत असतो तो बहुधा असा मिसळलेला हिंग होय.

हिंगाचा कच्चा वास फारसा कोणाला आवडत नाही. युरोपातल्या काही भाषांत तर त्याला 'सैतानाची विष्ठा' अशा अर्थाचे नाव मिळाले आहे! हा वास येतो तो हिंगातील गंधकयुक्त द्रव्यांमुळे. कांदा आणि लसूण यांच्या उग्रपणाचे कारणही असलीच द्रव्ये होत. पण तोच हिंग तापलेल्या तेलात अथवा तुपात पडला, की त्याचा स्वभाव पालटतो. उग्रपणा ओसरतो आणि कांदा-लसणाची आठवण करून देणारा खमंग वास दरवळतो. कित्येक जण व्रत म्हणून अथवा धर्माच्या आज्ञेनुसार कांदा-लसूण खात नाहीत. अशांच्या स्वयंपाकाला हिंग ही मोठीच सोय झाली आहे. कांदा खाणारा आणि न खाणारा यांना एका पंगतीत एकच आमटी वाढता येते, ती या चिमटीच्या बळावर.

आपल्या स्वयंपाकघरात हिंगाचा संचार कोठे नाही? वरणाची फोडणी त्यावाचून अपुरी. उन्हाळ्यात ताकाला तो जिऱ्यासह लावतात. उडदाच्या पापडात तो असतो. लोणचे भरण्यापूर्वी निखाऱ्यावर हिंग टाकून त्याच्या धुरावर बरणी पालथी धरतात. त्याला हिंगाची धुरी देणे म्हणतात. तान्ह्या मुलाचे पोट फुगले, तर पाण्यात कालवलेला हिंग त्याच्या बेंबीभोवती लावण्याची घरगुती रीत आहे. त्या आजींनी खडा जपून ठेवला होता तो याचसाठी. आयुर्वेदातील हिंगाष्टक चूर्णात हिंगाबरोबर सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, जिरे इत्यादी जिन्नस असतात, आणि ते तुपाबरोबर भाताच्या पहिल्या घासाला घेण्याचा प्रघात आहे. दक्षिणेकडच्या सांबारात आणि रसममध्येही हिंग लागतोच. गंमत अशी, की ज्या देशांत तो उगवतो, तेथील लोक तो आपल्याइतका वापरीत नाहीत. मात्र अफगाणिस्तानात हिवाळ्यासाठी मांस वाळवून ठेवताना त्याला मीठ आणि हिंग चोळतात.

आपला आणि हिंगाचा स्नेह फार जुना आहे. अमरकोश या प्राचीन संस्कृत शब्दकोशात हिंगाला 'बाल्हीक' असेही नाव दिलेले आढळते. बाल्हीक म्हणजे बाल्ख. हा प्रदेश अफगाणिस्तानच्या उत्तर भागात आहे. वस्तूच्या नावातच तिच्या गावाचा पत्ता कोरून ठेवणारे आपले पूर्वज अधिक चौकस होते, असे म्हणावे लागते. त्याच कोशात हिंगाचे आणखी एक नाव आहे, 'सहस्रवेधी'. म्हणजे हजारांना भेदून जाणारा. एवढ्याशा खड्याचा वास हंडाभर आमटीत कसा शिरतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे नाव सार्थ वाटेल. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात, हिंदुस्थानात हिंग अन्नात आणि औषधात सर्वत्र वापरला जातो, अशी नोंद केली आहे.

इतक्या जुन्या ओळखीचा हा पदार्थ आपल्या देशात मात्र पिकत नव्हता. शास्त्रज्ञांच्या एका राष्ट्रीय संस्थेने 2020 साली दिलेल्या माहितीप्रमाणे भारत दरवर्षी सुमारे 1200 टन कच्चा हिंग अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तान येथून आणीत असे, आणि त्यासाठी सुमारे 10 कोटी डॉलर मोजीत असे. ही उणीव भरून काढण्यासाठी हिमाचल प्रदेशातील पालमपूर येथील संशोधन संस्थेने प्रयत्न आरंभले. इराणातून बी आणले. पण हे बी मोठे हट्टी असते, त्यातले फारच थोडे उगवते. अखेर रोपे तयार झाली आणि 15 ऑक्टोबर 2020 रोजी लाहौल खोऱ्यातील क्वारिंग या गावी, एका शेतकऱ्याच्या शेतात, हिंगाचे पहिले रोप लावण्यात आले. लाहौल हा हिमालयातला थंड आणि कोरडा प्रदेश आहे. हिंगाच्या मूळ मुलखाशी त्याचे हवामान बरेच जुळते. पण झाडाला वाढायला वर्षे लागतात, आणि त्याला घाई केलेली चालत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, आता पुन्हा त्या आमराईतल्या पंगतीकडे वळू या. त्या दिवशी आपण तीस-पस्तीस जणच जेवायला बसलो आहोत, असे मला वाटले होते. पण ती पंगत खरोखर फार मोठी होती. अफगाणिस्तानातल्या अथवा इराणातल्या एखाद्या उघड्या डोंगरावर वाकून मूळ खरवडणारा माणूस तीत होता. ते ओझे घाट उतरून आणणारा होता, डिंक-पीठ मिसळून त्याचे खडे वळणारा होता, आणि पुडी बांधून देणारा गावातला दुकानदारही होता. यांपैकी कोणालाही आम्ही ओळखत नव्हतो. त्यांची भाषा निराळी, वेष निराळा, काहींचा देशही निराळा. तरी त्यांच्या श्रमांची चव आमच्या जिभेवर होती. आणि त्या सर्वांच्या वतीने ती वृद्ध आजी, नातवासाठी राखून ठेवलेल्या खड्यातला अर्धा देऊन, आमच्या शेजारी बसली होती.

हिंगाचे जे, तेच ताटातल्या दुसऱ्या पदार्थांचे. चवीने जेवणे ही चांगली गोष्ट आहे. घास घोळवून खावा, आवडला तर तसे सांगावे, दुसऱ्यांदा मागून घ्यावे. त्यात संकोच कसला? परंतु अन्नाचा आनंद दुणावतो तो वाटून खाण्याने आणि ते कोणी दिले हे जाणण्याने. आज घरी जेवायला बसाल, तेव्हा वरणाचा वास घ्या आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसाला विचारा, की यात काय काय घातले आहे. त्यातला एक जिन्नस निवडा आणि त्याचा माग काढा. दुकानदाराला विचारा, नकाशा उघडा, वडीलधाऱ्यांना गाठा. हे करताना तुम्हांला पुष्कळ अनोळखी माणसे भेटतील. आपल्या ताटात वर्षानुवर्षे वाढणाऱ्या त्या माणसांना कोणीतरी हिंग लावून विचारायला नको काय?