पुस्तक उघडे ठेवून दिलेली परीक्षा

मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातली मुले (2022 पासून होशंगाबादचे नाव नर्मदापुरम झाले आहे) आठवीच्या विज्ञानाच्या परीक्षेला पाठ्यपुस्तक आणि स्वतःची प्रयोगवही घेऊन बसत. हे कोणा हौशी खाजगी शाळेत चालले नव्हते. खेड्यापाड्यातल्या सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांकडून, सरकारच्याच मंजुरीने ते वर्षानुवर्षे चालले. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम म्हटले की प्रयोग करणारी मुले, स्वस्तातली उपकरणे आणि शिवारात भरणारे वर्ग यांबद्दल लिहिले जाते, आणि ते लिहिण्याजोगे आहेच. पण त्या कार्यक्रमाचा कणा होता ती ही परीक्षा. ती नसती तर बाकीचे सारे एका पिढीच्या उत्साहावर जगले असते आणि त्या उत्साहाबरोबर संपले असते. शिकवण्याची पद्धत परीक्षेच्या पद्धतीपेक्षा एक पाऊलही पुढे टिकत नाही, हे आपल्याकडे या कार्यक्रमाइतके स्पष्ट कोणी करून दाखवलेले नाही.

इतिहास थोडक्यात असा. 1972 मध्ये जिल्ह्यातल्या सोळा शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी राज्य सरकारच्या परवानगीने काम सुरू केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक त्यात उतरले. 1978 मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत गेला. 1982 मध्ये हे काम पुढे नेण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली. कार्यक्रम इतर जिल्ह्यांतल्या शेकडो शाळांत पसरला आणि 2002 मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. सुशील जोशी यांनी ‘जश्न-ए-तालीम’ या पुस्तकात ही तीस वर्षे सविस्तर मांडली आहेत. इथे एवढाच आराखडा पुरे, कारण खरी गंमत वर्गात आणि परीक्षेच्या खोलीत आहे.

‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पाठ्यपुस्तकातला मुळे आणि पानांचा धडा घ्या. आपल्या पुस्तकांत हा विषय दोन वाक्यांत संपतो: एकदल वनस्पतींच्या पानांत समांतर शिरा असतात आणि त्यांना तंतुमुळे असतात; द्विदल वनस्पतींच्या पानांत जाळीदार शिरा असतात आणि त्यांना सोटमूळ असते. वाक्ये बरोबर आहेत, दहा मिनिटांत पाठ होतात आणि तितक्याच लवकर विसरली जातात. होशंगाबादच्या वर्गात ती सांगितलीच जात नसत. चार-चार मुलांच्या टोळ्या शेताच्या बांधावर जात, झाडोरा मुळांसकट उपटून आणत, धुऊन पाहत आणि वहीत तक्ता भरत: वनस्पतीचे नाव, पानातल्या शिरा कशा, मुळे कशी. गव्हाची, दुर्वेची, मक्याची ओळ एका तऱ्हेची येई. हरभऱ्याची, तुरीची, मोहरीची दुसऱ्या तऱ्हेची. तक्ता पुरेसा लांब झाला की पुस्तक विचारी, या दोन रकान्यांत काही नाते दिसते का? नाते मुलांना दिसे, आणि ते दिसल्यावर पुढचे काम सुरू होई: नवे रोपटे घ्या, फक्त पान पाहा, मूळ कसे असेल ते आधी लिहा आणि मग उपटून तपासा. इथे विज्ञान माहिती राहत नाही, ते भाकीत होते, आणि भाकीत चुकू शकते. तक्त्यात कोणी अळू आणले तर पानातली जाळी एक सांगते आणि मुळांचा झुबका दुसरेच. पाठ केलेल्या वाक्याला अळू अडचणीचे असते, कारण ते नियम मोडते आणि नियमाखेरीज हातात काही नसते. तक्ता भरणाऱ्या मुलाला मात्र तिथेच थांबून पाहावेसे वाटते, कारण नियम किती झाडांवरून काढला हे त्याला ठाऊक असते.

या धड्यात उत्तर छापलेले नाही, हे विसरून चालणार नाही. पुस्तकात सूचना होत्या, प्रश्न होते, कोरे तक्ते होते, निष्कर्ष नव्हता. निष्कर्ष मुलाच्या वहीत, त्याच्या अक्षरात, त्याच्या टोळीत झालेल्या वादानंतर उतरे. म्हणून ‘बाल वैज्ञानिक’ हे अर्धेच पुस्तक होते. उरलेला अर्धा भाग प्रत्येक मूल स्वतः लिहीत असे. साधनेही त्याच जातीची, जवळ सापडतील अशी होती. चिरफाडीच्या सुयांऐवजी बाभळीचे काटे. शाईतले रंग वेगळे करायला खास कागदाऐवजी फळ्यावर लिहायचा खडू: खडूवर शाईचा ठिपका द्यायचा, बुडाशी थोडे पाणी ठेवायचे आणि पाण्याबरोबर रंग वेगवेगळ्या उंचीला चढताना पाहायचे. पुण्याच्या टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा घेऊन इथे आले आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी व आगकाड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घन बनवण्याची युक्ती त्यांनी इथेच घडवली. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून हीच खेळणी महाराष्ट्रातल्या मुलांच्या हाती पोचली. आपल्याकडे खेळणी आली, वही थोडीफार आली. परीक्षा आली नाही.

त्या परीक्षेची रचना म्हणूनच बारकाईने पाहायला हवी. पुस्तक आत न्यायला परवानगी देण्यात औदार्याचा प्रश्न नव्हता. पुस्तकात उत्तरेच नव्हती, तेव्हा ते बाहेर ठेवण्यात अर्थ नव्हता. प्रश्न असे रचावे लागत की वही चाळून उत्तर उतरवता येऊ नये, पण ज्याने वर्षभर वही प्रामाणिकपणे भरली त्याला त्या कामाची रीत उपयोगी पडावी. उदाहरण म्हणून समजा, वर्गात कधी न पाहिलेल्या पाच वनस्पतींचा तक्ता दिला, एका ओळीतला मुळांचा रकाना कोरा ठेवला आणि एका ओळीतली नोंद मुद्दाम संशयास्पद ठेवली. कोऱ्या जागी काय असेल आणि कोणती नोंद पुन्हा तपासावीशी वाटते, कारणासह लिहा. इथे पाठांतर कामाला येत नाही, पण अंदाजपंचेही चालत नाही. लेखी पेपरबरोबर प्रात्यक्षिक परीक्षा होती, आणि तिच्यात मुलाला हातांनी काही करून, मोजून, नोंदवून दाखवावे लागे. प्रश्न काढण्याचे काम शिक्षकांच्या कार्यशाळेत, घासाघीस करून होई. मुलांनी काय काय लिहिले आहे हे नमुन्याच्या उत्तरपत्रिकांवरून आधी पाहून मग गुणांचे निकष ठरवले जात. कारण खुल्या प्रश्नाला अनपेक्षित पण बरोबर उत्तर येतेच, आणि ते न ओळखणारा तपासनीस पद्धतीला आतून पोखरतो.

शिक्षकाच्या वागण्यावर याचा परिणाम थेट होता. परीक्षा ‘व्याख्या लिहा’ म्हणत असेल तर प्रयोग करवून घेणारा शिक्षक आपल्या मुलांचे नुकसानच करत असतो: वेळ जातो, गोंधळ होतो आणि गुण शेजारच्या वर्गातल्या घोकणाऱ्या मुलांना मिळतात. अशा वेळी त्याने प्रयोग सोडला तर त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. तो शहाणपणाने वागतो आहे. होशंगाबादने हे शहाणपण उलट्या दिशेला वळवले. तिथे प्रयोग न करवता केवळ फळ्यावर निष्कर्ष लिहून देणाऱ्या शिक्षकाची मुले परीक्षेत अडत. शिक्षकाला उपदेश करण्यापेक्षा परीक्षा बदलणे स्वस्त नसते, पण उपदेशापेक्षा ते कितीतरी प्रामाणिक असते.

केवळ पुस्तक उघडे ठेवले की काम होते, असा मात्र याचा अर्थ नाही. सीबीएसईने 2014 मध्ये नववी आणि अकरावीसाठी दिलेल्या पाठ्यसामग्रीवर आधारित खुली परीक्षा सुरू केली आणि तीनच वर्षांत गुंडाळली. तिथे मजकूर आधीच काही महिने हाती पडे, म्हणजे त्यावरचे संभाव्य प्रश्न आणि तयार उत्तरे बसवून घ्यायला भरपूर वेळ होता. वर्षभराचे अध्यापन जुनेच, आणि शेवटी एक तुकडा नवा. महाराष्ट्राचा अनुभवही याच अंगाने बोलका आहे. दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले अंतर्गत गुण 2019 च्या परीक्षेपुरते काढले गेले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले. त्या उन्हाळ्यातली चर्चा निकाल घसरल्याची होती. त्या गुणांतून मुलांचे नेमके कोणते शिकणे मोजले जात होते, हा प्रश्न बाजूलाच राहिला. मोजमापाची बदललेली रीत वर्षभराच्या शिकण्यातून उगवलेली नसेल, तर ती हिशेबाची बाब होऊन बसते.

होशंगाबादवरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळ्याच बाजूने येतो. मानवजातीला जे समजायला शतके लागली ते बारा वर्षांच्या मुलाने स्वतः शोधून काढावे ही अपेक्षाच चुकीची आहे, असे अनेक मानसशास्त्रज्ञ म्हणतात. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांचा 2006 मधला लेख या मताचा ठळक पुरस्कार करतो: नवशिक्याची कार्यकारी स्मृती तोकडी असते, त्याला मोकळे सोडले तर ती धडपडीतच खर्च होते, म्हणून आधी स्पष्ट समजावून सांगावे. हा आक्षेप हलका नाही, आणि ‘कृतीतून शिक्षण’ या नावाखाली मुलांना नुसते कागद कापायला बसवणाऱ्या वर्गांना तो पुरेपूर लागू पडतो. पण ‘बाल वैज्ञानिक’ मुलांना मोकळे सोडत नव्हते. काय आणायचे, काय पाहायचे, कोणत्या रकान्यात लिहायचे, कशाची कशाशी तुलना करायची, हे सगळे पायरीपायरीने बांधलेले होते. सोडलेली होती ती फक्त शेवटची उडी, आणि तीही टोळीतल्या चर्चेच्या व शिक्षकाच्या आधाराने. शिवाय डोळ्यांनी न दिसणाऱ्या अणू-रेणूंसारख्या कल्पनांना त्यांनी फारशी जागा दिली नाही, कारण त्या अशा रीतीने शोधता येत नाहीत हे त्यांना मान्य होते. इथे त्यांनी किंमतही मोजली. मूल आठवी संपवून नववीत जाई तेव्हा त्याला तक्ता वाचता येई, मोजमापातली चूक ओळखता येई, पण पुढच्या पुस्तकाने गृहीत धरलेले बरेच शब्द त्याच्याकडे नसत. ही उणीव खरी होती आणि तिचा बचाव करण्यापेक्षा ती मान्य करणेच बरे. स्पष्ट सांगणे आणि शोधू देणे यांत निवड करायची गरज नव्हती. कोणता विषय कशाने शिकवायचा ही निवड होती. याच काळात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा प्रकल्पात पुस्तकाच्या अवघड भाषेचा अडसर दूर करण्याची वाट धरली होती. दोन्ही कामे एकमेकांना पूरक ठरली असती.

नववीची भिंत मात्र केवळ शब्दांची नव्हती. एका जिल्ह्यातली मुले आठवीपर्यंत उघड्या पुस्तकाने परीक्षा देतात आणि पुढे राज्यभरच्या मुलांबरोबर बंद पुस्तकाच्या स्पर्धेत उतरतात. पालकांनी विचारले, आमच्याच मुलांवर प्रयोग का? या प्रश्नाला कार्यक्रमाकडे शैक्षणिक उत्तर होते, पण पालकांना हवे होते ते न्यायाचे उत्तर. ते एकच असू शकत होते: सगळ्या राज्यातच अशी परीक्षा. ते देणे कोणा संस्थेच्या हातात नव्हते. तीस वर्षांत कार्यक्रम रुंदीने वाढला, उंचीने वाढला नाही. नववी-दहावीची परीक्षा तशीच राहिली आणि खालचे सारे काम तिच्या तुलनेत कमी ठरू लागले. 2002 मध्ये तो बंद करताना मुले मागे पडतात हाच मुद्दा पुढे होता. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी विरोध केला, पण निर्णय फिरला नाही.

परीक्षेखेरीज आणखी एक गोष्ट झिजत गेली, ती म्हणजे शिक्षकांची मासिक बैठक. उन्हाळ्यातले तीन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि वर्षभर ‘संगम केंद्रां’वर भरणाऱ्या बैठकी ही या पद्धतीची खरी शाळा होती. तिथे शिक्षक वर्गात अडलेला प्रयोग घेऊन येत, पुढच्या धड्यातला प्रयोग स्वतः करून पाहत, अळूचे काय करायचे यावर भांडत. पण या बैठकीला दिवस लागतो, प्रवासभत्ता लागतो आणि ‘शाळा सोडून कुठे जाता’ असे न विचारणारा अधिकारी लागतो. प्रशिक्षित शिक्षकाची बदली कार्यक्रमाबाहेर झाली की त्याच्या जागी येणाऱ्याला सारे पहिल्यापासून. फुटलेली परीक्षानळी बदलून मिळायला उशीर झाला की तो धडा वाचून दाखवला जाई. यांतली एकही अडचण शिक्षणशास्त्राची नाही, आणि म्हणूनच चांगली पुस्तके लिहून ती सुटत नाही. एकलव्यच्या कल्पनांना मान मिळाला. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालच्या 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात त्यांचा प्रभाव जाणवतो. कल्पना दिल्लीला पोचल्या, भत्ता तालुक्याला पोचला नाही.

महाराष्ट्रात गेल्या दशकात ज्ञानरचनावादाच्या नावाने वर्गांच्या फरशा रंगल्या, खडे-मणी आले आणि अनेक जिल्हा परिषद शाळांत शिक्षकांनी मनापासून काम केले. दहावीच्या भाषांच्या पेपरला ‘कृतिपत्रिका’ हे नाव आले आणि लगोलग कृतिपत्रिकांची मार्गदर्शके दुकानांत आली. आता 2023-24 पासून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा राज्यात परतली आहे. होशंगाबादने ज्या जागी पाय रोवला तीच ही आठवीची जागा. ती परीक्षा कशी असावी हे अजून पुरते गोठलेले नाही. एखाद्या जिल्ह्याला विज्ञानाचा पेपर वही-पुस्तकासह घेऊ द्यायचा असेल तर छपाईचा खर्च वाढत नाही. वाढतो तो प्रश्न काढणाऱ्या शिक्षकांच्या कार्यशाळेचा, नमुन्याच्या उत्तरपत्रिका आधी वाचून निकष ठरवण्याच्या दिवसांचा आणि वर्षभर महिन्याला एक बैठक भरवण्याचा खर्च. शिवाय त्याच मुलांची पुढची नववी-दहावी त्याच रीतीने घेण्याचे वचन राज्य शिक्षण मंडळाला पहिल्याच वर्षी द्यावे लागेल, कारण ते न मिळाल्यानेच मध्य प्रदेशातले पालक दुरावले.