जुने सपाट हेडाचे इंजिन घेताना काय पाहावे

धान्याच्या व्यवहारात पोत्याचे तोंड पाहून कोणी भाव ठरवीत नाही. परखी खुपसून मधला दाणा हातावर घ्यावा लागतो. जुने मोटार-इंजिन विकत घेतानाही हाच न्याय लागू पडतो. आमच्या बऱ्हाणपुरातील काही पेढ्यांवरील तरुण मंडळींना जुन्या जीपा व मोटारी पुन्हा चालत्या करण्याची हौस आहे. ही हौस स्तुत्य होय; परंतु ताज्या रंगावर भुलून पैसा मोजणे हे व्यापाऱ्याच्या मुलास शोभत नाही. म्हणून बंधूंच्या माहितीस्तव चार गोष्टी येथे मांडीत आहोत.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी स्थापिली. क्रायस्लरच्या सहकार्याने तिने ज्या डॉज व प्लिमथ गाड्या जुळविल्या, त्यांत सपाट हेडाची सहा सिलिंडरी इंजिने असत. महिंद्रांच्या आरंभीच्या विलीज जीपांतही याच जातीचे चार सिलिंडरी इंजिन होते. या जातीत व्हॉल्व्ह हेडात नसून सिलिंडरच्या बाजूस, ब्लॉकमध्येच बसविलेले असतात. त्यामुळे हेड म्हणजे केवळ एक जाड झाकण होय. पुढील जीपांत आलेल्या इंजिनात एक व्हॉल्व्ह वर गेला व हेडावर पत्र्याचे उंच झाकण आले. तसे झाकण दिसल्यास ते इंजिन सपाट हेडाचे नव्हे, हे प्रथमच ओळखावे.

या रचनेत जळालेला तप्त वायू ब्लॉकमधूनच बाहेर पडतो. त्या उष्णतेने व्हॉल्व्हची सीट व सिलिंडर यांमधील अरुंद जागी तडा जाण्याचे भय असते. हेड बदलता येते, पिस्टन व रिंगा नव्या घालता येतात; पण ब्लॉक निकामी झाला की व्यवहार बुडाला. सारांश, किंमत ब्लॉकची करावी.

परीक्षेचा क्रम असा ठेवावा. प्रथम ऑइलची कांडी काढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसल्यास आत पाणी उतरते आहे असे समजावे. नंतर हँडलने इंजिन फिरते की नाही हे पाहावे. अडकलेले असल्यास जोर करू नये. प्लग काढून सिलिंडरांत थोडे ऑइल सोडावे व काही दिवस वाट पाहावी. बळजबरीने चांगले इंजिनही मोडते.

फिरणाऱ्या इंजिनाचा दाब प्रत्येक सिलिंडरमध्ये मापकाने घ्यावा. विलीज जीपच्या नव्या इंजिनात तो दर चौरस इंचास सुमारे ११० पौंड असे. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण सिलिंडरांमध्ये १० पौंडांहून अधिक तफावत असू नये. कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढला तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा. शेजारच्या दोन्ही सिलिंडरांचा दाब पडला असेल तर गॅस्केटचा संशय घ्यावा.

विक्रेता तयार असल्यास हेड उतरवून पाहावे. बोल्ट मात्र जाणत्या मिस्त्रीकडूनच सोडवावेत, कारण गंजलेला बोल्ट ब्लॉकमध्ये तुटतो. सीटभोवतालची काजळी पुसून तडा शोधावा. सिलिंडरच्या वरच्या कडेशी नख फिरवावे. ठळक कंगोरा लागला तर झीज फार झाली आहे. पूर्वी किती वेळा बोअर झाले हेही विचारावे, कारण ब्लॉकची भिंत अमर्याद कातता येत नाही.

देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये बंद झाली. कमी दाबाच्या या इंजिनांना त्याची फारशी अडचण पडत नाही. परंतु आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा खाते. ते भाग बदलण्याचा खर्च किमतीत धरावा.

शेवटी ब्लॉकवरील क्रमांक कागदपत्रांशी ताडावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, बिगर व्यापारी दुचाकी व चारचाकी वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. मात्र चेसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे परके इंजिन बसविले तर पैशाबरोबर गाडीचा मानही जाऊ शकतो.

असे ब्लॉक आता सहजासहजी मिळत नाहीत. घाईने घेतलेले सदोष इंजिन अखेर भंगाराच्या काट्यावर जाते, आणि घाईनेच नाकारलेले चांगले इंजिनही तेथेच जाते. म्हणून निवांतपणे पारख करावी, वाजवी दाम द्यावा, आणि घेतलेली वस्तू सांभाळावी.