तिळगूळ सगळ्यांच्याच हातावर पडू दे!
(गहू न चालणाऱ्या लेकरांची संक्रांत)



गेल्या संक्रांतीची गोष्ट. आमच्या ग्रामसंघाचं हळदीकुंकू होतं. गटातल्या एका ताईची सात वर्षांची मुलगी आईच्या पदराला धरून उभी होती. मी तिच्या हातावर गुळपोळीचा तुकडा ठेवला. आई म्हणाली, "ताई, तिला गहू चालत नाही, डॉक्टरांनी बंद केलाय." मी हसून म्हटलं, "अगं, सणासुदीला एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?" आईला मोठ्यांपुढे बोलवेना. पोरीनं तुकडा खाल्ला. रात्रीपासून पोटदुखी, उलट्या, जुलाब. दोन दिवस लेकरू अंथरुणावर होतं.

त्या दिवसापासून हा विषय मी नीट समजून घेतला. माझ्यासारखी चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून हा लेख.

हा आजार आहे तरी काय?

याला सीलिअ‍ॅक आजार म्हणतात. गहू आणि जव (म्हणजे सातू) यांच्यात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर ती ताणली जाते, चिवट होते, ती या ग्लुटेनमुळेच. ज्याला हा आजार आहे, त्याच्या पोटात ग्लुटेन गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करतं. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते, ती झिजून सपाट होते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. पोट फुगतं, जुलाब होतात, रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात, मुलाची उंची आणि वजन वाढत नाही. काहींना पोटाचा त्रास फारसा जाणवत नाही, पण आतलं नुकसान चालूच राहतं. म्हणून "खाल्लं आणि काही झालं नाही" यावर विसंबू नये.

कोणी म्हणेल, ही आजकालची फॅशन आहे. तसं नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये अन्नाची भयंकर टंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांना दिसलं, की सगळीकडे उपासमार असताना या आजाराची मुलं मात्र सुधारतायत. पुढे पाव मिळायला लागला आणि ती पुन्हा आजारी पडली. गव्हाशी असलेला संबंध तेव्हा पक्का झाला.

यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. जन्मभर ग्लुटेन बंद, हाच इलाज. तो पाळला की लेकरू चांगलं वाढतं, खेळतं. आणि हा आजार संसर्गाचा नाही. अशा मुलाला वेगळं बसवायचं काही कारण नाही. वेगळं ठेवायचं ते फक्त त्याचं खाणं.

एक महत्त्वाचं: संशय आला म्हणून स्वतःच्या मनानं गहू बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. रक्ताची तपासणी आणि गरज पडली तर दुर्बिणीतून आतड्याची तपासणी करतात. गहू आधीच बंद केला असेल तर तपासणीत आजार लपून राहू शकतो.

आपली संक्रांत मुळातच सोयीची

आता आनंदाची बाजू. भोगीला आपण तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, भोगीची भाजी आणि मुगाची खिचडी करतो. यात गहू कुठं आहे? तिळाचे लाडू, तिळाची वडी, शेंगदाण्याची चिक्की, रेवडी, काटेरी हलवा हे सगळं तीळ, गूळ, साखर, शेंगदाणे, खोबरं यांचंच. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, वरी, साबुदाणा, सगळ्या डाळी, तीळ, गूळ, दूध, तूप या लेकरांना चालतं.

चालत नाही ते असं: कणीक, मैदा, रवा, दलिया, गव्हाच्या शेवया, कुरडया, सातूचं पीठ. खपली गहूसुद्धा चालत नाही. "खपली पचायला हलकी" असं आपण म्हणतो, पण त्यातही ग्लुटेन आहेच.

मग गहू शिरतो कुठून?

घटकांत गहू नसला तरी तो चोरपावलानं येतो. जागा लक्षात ठेवा:

* गिरणी: आधीच्या बाईचे गहू दळले आणि त्यावर तुमची बाजरी टाकली, तर गव्हाचं पीठ मिसळलंच. अशा मुलाचं पीठ घरच्या जात्यावर किंवा फक्त बिनगव्हाच्या धान्यासाठी ठेवलेल्या घरघंटीवर दळा. बेसनालाही हाच नियम.
* पोळपाट-लाटणं: लाकडाच्या चिरांत कणीक बसलेली असते. चिक्की किंवा वडी त्यावर लाटू नका. स्टीलच्या ताटाला तूप लावून त्यावर थापा. पीठ भुरभुरवू नका.
* चाळणी, कढई, तेल: कणकेची चाळणी नको. शंकरपाळे तळलेल्या तेलात त्यांचं काही तळू नका.
* हिंग: बाजारातल्या खड्याच्या आणि पुडीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. भोगीच्या भाजीला फोडणी देण्याआधी डबीवरचं वाचा. तांदळाचं पीठ घातलेला हिंगही मिळतो. खात्री नसेल तर हिंग नकोच, जिरं-लसूण आहेच.
* विकतची मिठाई: सोनपापडीत मैदा असतो. वेफर किंवा बिस्किट असलेल्या चॉकलेटात गहू असतो. पाकिटावर "माल्ट" लिहिलं असेल तर ते बहुधा जवापासून केलेलं असतं. सुट्ट्या मिठाईत एकच चमचा सगळ्या ताटांतून फिरतो, म्हणून ती टाळलेली बरी.

बोरन्हाणाला बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, हलवा घालतो ते ठीक. पण हल्ली बिस्किटं आणि चॉकलेटंही घालतात. लेकरं उचलून पटकन तोंडात टाकतात, तेव्हा ती घालू नका. सुगडातली गव्हाची ओंबी पूजेपुरतीच ठेवा.

लाडू असे करा

पाव किलो तीळ, पाव किलो चिक्कीचा गूळ, अर्धी वाटी शेंगदाण्याचा जाडसर कूट, पाव वाटी भाजलेलं सुकं खोबरं, दोन चमचे तूप, वेलची. कढई, झारा, ताट आधी स्वच्छ घासून घ्या. तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. तुपात गूळ वितळवा. पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी वळली, की गॅस बंद करून सगळं मिसळा. हाताला तूप लावून गरम असतानाच लाडू वळा.

गुळपोळीची हौस कशी भागवायची? तांदळाच्या पिठाची उकड काढा, त्यात तिळगुळाचं सारण भरा आणि मोदकासारखं वाफवा. सारणात बेसन नको, तिळाचा कूट थोडा वाढवा. घरातले सगळेच आवडीनं खातील.

सगळ्यांत आधी त्या लेकराचे लाडू करा, नावाची चिठ्ठी लावून वेगळ्या डब्यात भरा, मग घरातल्या गुळपोळ्या लाटायला घ्या.

विक्री करणाऱ्या गटांसाठी

आपले बरेच गट संक्रांतीला तिळगूळ आणि चिक्की विकतात. "ग्लुटेनमुक्त" लिहिलं तर गिऱ्हाईक वाढेल असा मोह होईल. पण अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ग्लुटेनमुक्त मालात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. ते डोळ्यांनी दिसत नाही, प्रयोगशाळेत तपासावं लागतं. तपासणी नसेल तर तो शब्द लिहू नका. घटक पूर्ण लिहा आणि कोणी विचारलंच तर खरं सांगा: "यात गहू नाही, पण आमच्या स्वयंपाकघरात गहू वापरला जातो." एक विक्री जाईल, पण एखाद्याचं लेकरू आजारी पडणार नाही.

शेवटी एवढंच

पुढच्या मासिक बैठकीत एकच प्रश्न विचारा: "आपल्या वाडीत कोणाला गहू बंद आहे का?" असेल तर हळदीकुंकवाच्या आधी तिच्या आईला विचारून एक डबा वेगळा करा. आई "नको" म्हणाली तर तिला आग्रह करू नका. तिच्या बाजूनं उभ्या राहा.

या संक्रांतीला मी त्या पोरीसाठी वेगळे लाडू करणार आहे. तिच्या आईनं डबा स्वतः घासून माझ्याकडे पाठवलाय.

तिळगूळ घ्या, गोड बोला!