न वापरलेल्या विजेचे पैसे

आपल्या पेढ्यांवर हिशेबाची शिस्त मोठी. तागडीत दहा ग्रॅमचा फरक पडला तरी मालक उठून पाहतो. मालावरची सूट आणि हुंडेकरीतला एक रुपया त्याच्या नजरेतून सुटत नाही. मात्र कीर्दीत ‘वीजखर्च’ ही एकच ओळ असते आणि तिच्यापुढे एकच आकडा. बँकेच्या नोकरीत मी असंख्य व्यापाऱ्यांचे ताळेबंद तपासले. भाडे, पगार, व्याज यांवर तासन्‌तास चर्चा झाली, पण वीजबिलाची मागची बाजू वाचून आलेला कर्जदार मला क्वचितच भेटला.

गेल्या वर्षी एका जुन्या कर्जदाराचा मुलगा घरी आला. वडिलांच्या काळी दुकानामागे तेलघाणा होता. तो बंद होऊन सहा-सात वर्षे झाली आणि आता तिथे सुकामेवा व कडधान्ये यांचा घाऊक व्यापार चालतो. “काका, छतावर सौर पॅनेल बसवायचे आहेत. कर्ज कोणत्या बँकेकडून घेऊ?” हा त्याचा प्रश्न होता. मी त्याला आधी वर्षभराची बिले आणायला सांगितले.

बिलांवर करार मागणी 60 केव्हीए होती. प्रत्यक्षात नोंदलेली कमाल मागणी कोणत्याही महिन्यात 16 च्या वर गेलेली नव्हती. घाणा बंद पडला, मोटारी विकल्या गेल्या, पण त्यांच्यासाठी राखून ठेवलेली वीज कागदोपत्री तशीच राहिली होती.

व्यापाऱ्याला ही गोष्ट कॅश क्रेडिटच्या भाषेत चटकन कळते. बँकेने साठ लाखांची मर्यादा मंजूर केली आणि आपण सोळाच लाख उचलले, तर व्याज सोळा लाखांवरच लागते. पण उरलेली रक्कम आपल्यासाठी राखून ठेवल्याबद्दल बँक वेगळा आकार लावू शकते. विजेचा मागणी आकार साधारण त्याच जातीचा आहे. वीस किलोवॅटच्या वरच्या जोडणीला तो प्रत्येक केव्हीएमागे लागतो आणि वापर अगदी घटला तरी करार मागणीच्या ठरावीक टक्क्यांखाली उतरत नाही. वीस किलोवॅटपर्यंतच्या दुकानाला मात्र दरमहा एकच स्थिर आकार असतो. उलट मर्यादा ओलांडली, तर जादा मागणीवर दीडपट दराने आकारणी होते. याला बँकेतल्या दंडव्याजाचा भाऊ म्हणावे.

कमाल मागणी अर्ध्या तासाच्या सरासरीवरून मोजली जाते, हेही ध्यानात ठेवावे. महिनाभर काटकसर केली आणि एखाद्या सकाळी दुकान उघडताच सगळी वातानुकूलन यंत्रे, लिफ्ट व पंप एकदम सुरू केले, तर त्या अर्ध्या तासाचा आकडा महिन्याच्या बिलावर बसतो. यंत्रे थोड्या थोड्या अंतराने सुरू करण्याला कवडीचाही खर्च येत नाही.

दुसरी बाब पॉवर फॅक्टरची. मोटारी आणि जुन्या धाटणीच्या ट्यूबलाइट काही वीज कामाविना फिरवत ठेवतात. जिथे आकारणी केव्हीएएचमध्ये होते (राज्यातील उच्चदाब ग्राहकांना ती 2020 च्या एप्रिलपासून लागू आहे), तिथे 0.8 पॉवर फॅक्टरवर हजार युनिटांच्या कामासाठी 1250 युनिटांचे पैसे मोजावे लागतात. तोच 0.98 वर नेला, तर साधारण 1020 युनिटांचे. योग्य क्षमतेचा कपॅसिटर हा यावरचा उपाय. तो वर्षातून एकदा तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावा, कारण बिघडलेला कपॅसिटर भिंतीवर तसाच लटकलेला असतो आणि आपण निश्चिंत असतो.

वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज विक्री कर यांत ग्राहकाच्या हाती काही नसते. व्यापारी वापरावर 21 टक्के वीज शुल्क आहे, उद्योगाला ते बरेच कमी. विजेवर जीएसटी नाही, म्हणून त्याचा परतावाही नाही. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरणा केल्यास कर व शुल्क वगळून एक टक्का सूट मिळते. बारा टक्के दराने पंधरा दिवसांचे व्याज अर्धा टक्काच होते. तरीही आपण शेवटच्या तारखेची वाट पाहतो! सुरक्षा ठेवीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराने व्याज मिळण्याचा हक्क 2003 च्या विद्युत कायद्याने दिलेला आहे. ते बिलात जमा झाले का, हेही पाहावे.

त्या मुलाच्या बिलात आणखी एक गोष्ट आढळली आणि ती सांगताना मला क्षणभर जड गेले. जोडणीचा वर्ग अजून ‘औद्योगिक’च होता. घाणा बंद झाल्यावर तिथे व्यापार सुरू झाला, म्हणजे दर व्यापारी लागायला हवा होता आणि तो बराच अधिक असतो. तो गप्प बसला. मग म्हणाला, “काका, नुसती करार मागणी कमी करून घेतली तर?” मी त्याला कलम 126 दाखवले. मंजूर कारणाहून वेगळ्या कारणासाठी वीज वापरली, तर दुप्पट दराने आकारणी होते आणि गैरवापर कधी सुरू झाला हे ठरवता आले नाही, तर ती मागील बारा महिन्यांसाठी धरली जाते. घरगुती मीटरवर गोदाम चालवणाऱ्यांनीही हे कलम एकदा वाचावे. अर्थात कायदा नसता तरी मी त्याला हेच सांगितले असते.

त्याने दोन्ही अर्ज केले, भार कमी करण्याचा आणि वर्ग बदलण्याचाही. तपासणी झाली आणि मागील फरकाची रक्कम भरावी लागली. नवा भार 18 किलोवॅट ठरला. मागणी आकार गेला, युनिटाचा दर आणि शुल्क वाढले. महिन्याचे बिल जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले. “मग मिळवले काय?” असे त्याच्या आईने मला विचारले. “वहिनी, आता दारात भरारी पथक आले तर चहा विचारता येईल,” एवढेच मी म्हणालो.

सौर पॅनेलचा विचार त्याने त्यानंतर केला आणि तोही नव्या आकड्यांवर. पॅनेलमुळे युनिटे घटतात, स्थिर आकार घटत नाही. जुन्या बिलाकडे पाहून त्याने कर्ज काढले असते, तर परतफेडीचे सारे गणितच चुकले असते.

हल्ली तो कीर्दीत वीजखर्चाखाली कमाल मागणीही लिहितो. गेल्या महिन्यात खजुरासाठी शीतकपाट घेतले आणि आकडा 17 वर गेला, तेव्हा त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला.