श्वानशिक्षणाचे नियम व आमचा खंड्या

दोन वर्षांपूर्वीं चैत्राच्या अखेरीस आमच्या वाईच्या वाड्यांत कुत्र्याचें एक पिलूं आलें. आलें म्हणजे कोणी विकत आणलें नव्हतें. घाटावरच्या एका कुत्रीचीं पांच पिलें होतीं, त्यांपैकीं हें एक माझ्या थोरल्या नातवाच्या मागोमाग दिंडीदरवाजांतून आंत शिरलें आणि माजघराच्या उंबऱ्याशीं अंग टाकून झोंपीं गेलें. त्यास हांकलून द्यावें असें मी म्हणणार, तोंच आमच्या कुटुंबानें त्याचें नांव 'खंड्या' ठेवूनही टाकलें होतें. आणि एकदां नांव ठेविलेल्या प्राण्यास घराबाहेर काढणें किती अवघड असतें हें वाचकांस सांगावयास नकोच.

मी ३६ वर्षें मास्तरकी केलेला मनुष्य. घरांत विद्यार्थी आला म्हणजे त्यास शिस्त हवी, ही माझी उपजत समजूत. घरांत लहानमोठीं अकरा माणसें. प्रत्येकानें आपापल्या परीनें लाड करावयाचें ठरविलें तर त्या प्राण्याचें मातेरें व्हावयास वेळ लागणार नाहीं, हें मीं ओळखलें व पुण्याहून येणाऱ्या एका श्वानशिक्षकास चार रविवारांपुरतें पाचारण केलें. गृहस्थ सभ्य व तरतरीत होता. जातांना त्यानें नियमांची एक यादी दिली, ती मीं स्वच्छ बाळबोध अक्षरांत उतरवून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटविली. मालकाचें जेवण झाल्यावांचून कुत्र्यास खावयास घालूं नये. दारांतून आधीं मालकानें जावें, कुत्र्यानें मागून. पलंगावर अगर गादीवर त्यास चढूं देऊं नये. दोरी ओढण्याच्या खेळांत त्यास कधींही जिंकूं देऊं नये. गुरगुरल्यास तत्काळ दमांत घ्यावें. आज्ञेचा शब्द एकच असावा व तो घरांतील सर्वांनीं सारखाच उच्चारावा. पानांतलें अन्न देऊं नये. आणि या सर्वांच्या मुळाशीं कारण एकच सांगितलें होतें: कुत्रा हा लांडग्याचा वंशज; लांडग्यांच्या कळपांत जो बलिष्ठ तो राजा; तेव्हां तुम्हीं राजा झालां नाहींत तर कुत्रा होईल.

पहिला नियम दुसऱ्याच दिवशीं मोडला. आमच्या घरीं वैश्वदेव आतां नित्य होत नाहीं, तथापि काकबळी काढण्याची पद्धत राहिली आहे, आणि श्वानाच्या वांट्याचा घांस गृहस्थाच्या भोजनापूर्वीं बाहेर ठेवावा हें तर स्मृतिकारांनींच सांगून ठेविलें आहे. आमच्या कुटुंबानें यादीकडे एकवार पाहिलें, मजकडे एकवार पाहिलें आणि भाताची मूद खंड्यापुढें ठेविली. शास्त्राधार तिच्या बाजूला असल्यामुळें मला गप्प बसावें लागलें. चंपाषष्ठीस रोडगा-भरताचा नैवेद्य कुत्र्यास घालून मग आपण जेवणाऱ्या घरांत 'मालक आधीं' हा नियम टिकणार तरी कसा?

गादीचा नियम पावसाळ्यांत बुडाला. दोरीचा नियम धाकट्या नातवानें पाळला नाहीं. वय वर्षें सहा, त्याला जिंकतांच येत नव्हतें. मी मात्र मनांतून चरफडत असें. घरांत कायदा मोडला जात आहे आणि आपण पाहत आहों, ही भावना निवृत्त मास्तरास किती जाचते तें मास्तरच जाणे. शेवटीं या नियमांचें मूळ तरी पाहूं या, म्हणजे घरच्या मंडळींस पटवून देतां येईल, अशा बुद्धीनें मी वाचावयास बसलों, आणि पटवून देण्याचें काम तेथेंच राहिलें.

सक्तीच्या शिक्षणाची पद्धत कोनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याची. त्याचा ग्रंथ १९१० सालचा. लांडग्यांच्या राजाची कल्पना त्यानंतरची. रुडॉल्फ शेंकेल या स्विस प्राणिशास्त्रज्ञानें बाझेलच्या प्राणिसंग्रहालयांतील लांडग्यांचें निरीक्षण करून १९४७ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. एका आवारांत कोंडलेले ते लांडगे श्रेष्ठत्वासाठीं आपसांत झगडत, असें त्यांत वर्णन आहे. अमेरिकेंतील लांडग्यांचे मोठे अभ्यासक डेव्हिड मेच यांनीं १९७० च्या आपल्या ग्रंथांत ही कल्पना घेतली व ती सर्वतोमुखीं झाली. परंतु हेच मेच पुढें कॅनडाच्या उत्तरेस एल्समिअर बेटावर जाऊन मोकळ्या लांडग्यांजवळ अनेक उन्हाळे राहिले, आणि १९९९ सालीं त्यांनीं लिहिलें तें निराळेंच. रानांतला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतें: आई, बाप व त्यांचीं लेंकरें. तेथें सिंहासनासाठीं लढाई नसते. मुलें आईबापांचें ऐकतात तीं आईबाप म्हणून, आणि मोठीं झालीं म्हणजे आपापला संसार थाटावयास निघून जातात. मेच यांनीं आपला जुना ग्रंथ छापणें थांबवावें अशी प्रकाशकास स्वतःच विनंती केली. स्वतःच्या गाजलेल्या ग्रंथाविरुद्ध असा अर्ज करणारा विद्वान् मीं तरी दुसरा ऐकलेला नाहीं.

परस्परांस अनोळखी अशा दहा माणसांस एका खोलींत कोंडून ठेवावें, तीं भांडूं लागलीं म्हणजे 'एकत्र कुटुंब असें असतें' असा सिद्धान्त काढावा, आणि त्या सिद्धान्तानुरूप सुनांनीं कसें वागावें याचे नियम करावे, तसाच हा प्रकार झाला. शिवाय कुत्रा लांडग्यापासून वेगळा होऊन निदान १५,००० वर्षें लोटलीं आहेत हें निराळेंच. दोरीच्या खेळाविषयीं म्हणाल तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टन विद्यापीठांत रूनी व ब्रॅडशॉ यांनीं गोल्डन रिट्रीव्हर जातीचीं १४ कुत्रीं घेऊन प्रयोग केला व तो २००२ सालीं प्रसिद्ध केला. कुत्रें जिंको वा हरो, त्यामुळें तें मालकावर शिरजोर होतें असें कांहीं आढळलें नाहीं. उलट खेळ झाल्यावर तें अधिक लक्ष देऊं लागे. धाकट्या नातवाचा विजय झाला, म्हणजे पराभव निर्दोष ठरला.

आतां कांहीं नियमांचें कारण खोटें असलें तरी नियम खरा असतो, हेंही याच घरांत अनुभवास आलें. पानांतलें अन्न देऊं नये हा नियम आमचें घर राजरोस मोडीत असे. सत्यनारायणाच्या शिऱ्यांत बेदाणे असतात. प्रसाद सर्वांस, म्हणून खंड्यासही. तालुक्याच्या पशुवैद्यांनीं हें ऐकलें तेव्हां त्यांचा चेहरा उतरला. द्राक्षें, मनुका, बेदाणे यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात, व किती खाल्ल्यानें होतील याचा नेम नसतो. द्राक्षांतील टार्टरिक आम्ल हें त्याचें कारण असावें असें २०२१ पासून तज्ज्ञ म्हणूं लागले आहेत. तें आम्ल चिंचेंतही असतें. कांदा, लसूण व चॉकलेट हींही कुत्र्यास बाधतात. दारांतून मागून येण्याचा नियमही तसाच. त्यांत राजेपण कांहीं नाहीं. पण आमची दिंडी थेट रस्त्यावर उघडते आणि रस्त्यावरून मोटारसायकली जातात, तेव्हां उंबऱ्याशीं थांबावयास त्यास शिकविलें हें बरेंच झालें. शिकविलें तेंही धाकावर नव्हे, भाकरीच्या तुकड्यावर.

एकाच शब्दाचा नियम तर आमच्यासारख्या घरांत पाळला जाणें अशक्यच. मी 'बैस' म्हणें, नातवंडें 'सिट' म्हणत, माझे धाकटे बंधू 'बस खालीं' म्हणत. त्यांत आपल्या भाषेंत 'बस' याचा अर्थ 'पुरे' असाही होतो. पंगतींत कोणी वाढणाऱ्यास "बस, बस" म्हटलें कीं ओसरीवर खंड्या मुकाट्यानें खालीं बसे व आपलें काय चुकलें अशा मुद्रेनें सर्वांकडे पाही.

या मुद्रेवरून आठवलें. कुत्र्यास आपला अपराध कळतो व तो खालीं मान घालतो, असें आपण सारेच म्हणतों. न्यूयॉर्क येथील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या विदुषींनीं २००९ सालीं याची परीक्षा प्रसिद्ध केली. समोर खाऊ ठेवून, 'खाऊं नको' असें बजावून मालकास बाहेर पाठवावयाचें. मागें कुत्र्यानें खाऊ खाल्ला असो वा नसो, मालकास कधीं 'खाल्ला' असें सांगावयाचें, कधीं 'नाहीं' असें. ती अपराधी मुद्रा कुत्र्याच्या अपराधावर अवलंबून नसून मालकाच्या रागावर अवलंबून असते असें दिसून आलें. ज्यांनीं खाऊला तोंडही लावलें नव्हतें आणि तरी ज्यांस बोलणीं बसलीं, तीं कुत्रीं सर्वांत अधिक अपराधी दिसलीं. हें वाचतांच मला महाभारताचें आदिपर्व आठवलें. कुरुक्षेत्रीं जनमेजयाचें सत्र चाललें असतां सरमेचा पुत्र तेथें आला व जनमेजयाच्या भावांनीं त्यास बडविलें. तो रडत आईकडे गेला. आई म्हणाली, तूं कांहीं अपराध केला असशील. तो म्हणाला, मीं हविर्द्रव्यांकडे पाहिलेंही नाहीं, चाटलेंही नाहीं. सरमेनें येऊन राजास जाब विचारला. कोणीं उत्तर दिलें नाहीं. तेव्हां अकल्पित भय तुजवर येईल असा शाप तिनें दिला. हा भाग मीं वर्गांत कितीतरी वेळां सांगितला असेल, आणि सांगतांना टेबलावर छडी असे.

त्या छडीपाशींच मला यावयाचें होतें. यादींतला एक नियम मात्र मीं कसोशीनें पाळला होता: गुरगुरल्यास दमांत घेण्याचा. खंड्या सात-आठ महिन्यांचा असतां, त्याच्या थाळीशीं धाकटा नातू गेला कीं तो ओठ आकसून घशांत गुरगुरे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानें शाळेंतील शारीरिक शिक्षेस बंदी झाल्यापासून माझी छडी माळ्यावर होती. ती मीं खालीं काढली. तीनदां मारावें लागलें. चौथ्यांदा तो गुरगुरला नाहीं. नातू थाळीजवळ गेला, खंड्या निश्चल राहिला, आणि मीं घरांतील सर्वांस बोलावून तें दृश्य दाखविलें.

त्यानंतरच्या श्रावणांत नारळी पौर्णिमेच्या दिवशीं नातवानें मागून जाऊन थाळींत हात घातला. खंड्यानें आवाज केला नाहीं, दांत दाखविले नाहींत. वळून मनगटास चावा घेतला. सूनबाईनें मुलाला उचलून नळाखालीं धरलें व साबण लावून घड्याळाच्या कांट्यावर १५ मिनिटें जखम धुतली. तिला हें ठाऊक होतें, मला नव्हतें. मग सरकारी दवाखाना, जखमेभोंवतीं प्रतिद्रव्याचें इंजेक्शन, आणि रेबीजची लस त्याच दिवशीं, मग ३, ७ व २८ व्या दिवशीं. खंड्यास लस दिलेली होती, तरी दहा दिवस त्याजवर लक्ष ठेवावयास सांगितलें.

ते दहा दिवस वाड्यांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. खंड्यास शेतावर गड्याकडे पाठवावें असें बंधूंचें मत पडलें, व तें चूक होतें असें मी म्हणणार नाहीं. घरांत लहान मूल असतां दुसरें कांहीं सुचणें कठीण. पशुवैद्य येऊन गेले. गुरगुरणें हा उद्धटपणा नसून ताकीद असते, आणि ताकीद देण्याबद्दल मार बसला कीं कुत्रा ताकीद देणें सोडतो, चावणें सोडीत नाहीं, असें त्यांनीं शांतपणें सांगितलें. पेनसिल्व्हानिया विद्यापीठांतील २००९ सालची एक पाहणीही त्यांनीं सांगितली. वर्तनाच्या तक्रारी घेऊन आणलेल्या ज्या कुत्र्यांस मालकांनीं मारून पाहिलें होतें, त्यांपैकीं शेंकडा ४३ मालकावर उलटलीं होतीं. मी कांहीं बोललों नाहीं. थोरला नातू बारा वर्षांचा, तो खांबाला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "आजोबा, म्हणजे त्यानं आधीं सांगितलं होतं. तुम्हीच त्याला गप्प केलंत."

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. माझ्या वर्गांत फार वर्षांपूर्वीं एक मुलगा होता. सारखे प्रश्न विचारी, मध्येंच बोले. तीनचार वेळां हातावर छड्या बसल्यावर तो गप्प झाला, तो वर्षभर गप्पच राहिला. वार्षिक निकालपत्रकावर त्याच्या नांवापुढें मीं 'वर्तन उत्तम' असा शेरा दिला होता.

दहा दिवस निर्विघ्न पार पडले व खंड्या राहिला. राहिला तो सूनबाईच्या शब्दामुळें. मुलगा तिचा, तेव्हां तिच्या शब्दापुढें बंधूंनींही हट्ट धरला नाहीं. "बाबा, त्याच्या जेवणाची जागा तेवढी बदलूं या," एवढेंच ती म्हणाली. आतां त्याची थाळी मागल्या पडवींत जाळीच्या दाराआड असते व तो जेवीत असतां तिकडे कोणी जात नाहीं. रोज संध्याकाळीं धाकटा नातू मोठ्या माणसासमवेत दाराशीं उभा राहून जाळीवरून थाळींत एक तुकडा टाकतो आणि मागें सरतो. हात घेण्यास येतो तो नव्हे, देण्यास येतो, हें खंड्याच्या ध्यानीं यावें म्हणून ही युक्ति पशुवैद्यांनींच सांगितली. पहिले दोन महिने खंड्या तुकड्याकडे न पाहतां माझ्याच हाताकडे पाहत असे. गेल्या पौषांत एके दिवशीं दाराची कडी वाजली आणि तो पुन्हां गुरगुरला. मीं सर्वांस दोन पावलें मागें घेतलें.

दारावरची यादी अजून आहे. तींतल्या पांच ओळी थोरल्या नातवानें पेन्सिलीनें खोडल्या आहेत, आणि सत्यनारायणाच्या दिवशीं आमचें कुटुंब चष्मा लावून खंड्याच्या वांट्याच्या शिऱ्यांतून बेदाणे वेंचीत बसतें.